फुगा कुठे ठेवायचा?

पहाटे ५:००
मला गजर लागत नाही. धाटावच्या कंपन्यांत पहिल्या पाळीला निघालेल्यांच्या मोटारसायकली दारावरून जातात, त्या आवाजाने रोह्यातली आमची गल्ली जागी होते. डब्यात वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. पिशवीत एका कातकरी आदिवासी मुलाचा अर्धवट भरलेला आरटीईचा, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखालच्या प्रवेशाचा, अर्ज.

६:१५
एसटी भिसे खिंड उतरून नागोठण्याला लागते. तिथून वडखळपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचं. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत वीटभट्ट्या धुमसत असतात. दिवाळी झाली की कातकरवाड्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन खर्च झालेली असते; ती फेडायला अख्खं घर भट्टीवर जातं आणि पाऊस तोंडावर आला की परततं. आरटीईचे अर्ज भरायचे दिवस नेमके या हंगामात येतात. मी शिकवते त्या शाळेतल्या आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांत कातकरी मुलं फारशी का दिसत नाहीत, याचं निम्मं उत्तर या धुरात आहे.

७:४५
पेणमधली आमची शाळा विनाअनुदानित, इंग्रजी माध्यमाची. पटावर डॉक्टरांची मुलं, गणपतीच्या कारखानदारांची, आगऱ्यांची, कोळ्यांची, मारवाडी दुकानदारांची, हिंदी बोलणाऱ्या कामगारांची. कातकरी तीन. बाकीचे शिक्षक ‘टीचर’, मी ‘बाई’. हा माझा हट्ट.

प्रार्थनेनंतर प्रतिज्ञा. ती मुळात तेलुगूत लिहिली गेली, १९६२ साली, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी, असं मी एकदा वर्गात सांगितलं. तर दुसरीतली एक मुलगी म्हणाली, “मग आमच्या बोलीत का नाय बोलायची?” मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून दर शनिवारी एकेक मूल आपल्या घरच्या बोलीत प्रतिज्ञा सांगतं. त्या मुलीने कातकरीत सांगितली तेव्हा आधी हशा झाला. हसणाऱ्यांत आगरी पोरं जास्त होती, ज्यांच्या ‘पानी’ला मागच्या वर्षी बाकीचे हसले होते.

१०:१५
डब्याची सुट्टी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत फळ्याशेजारी सूचना होती: डब्यात मांसाहार आणू नये. पेणसारख्या गावात, जिथे सुक्या बोंबलांशिवाय बाजार पुरा होत नाही! कोळ्यांची पोरं आठवडाभर जाम-पाव खायची. सूचना काढायला चार पालकसभा लागल्या. एका आजोबांनी वासाचा मुद्दा काढला. त्यांना मुलं वेगळी बसवून हवी होती. ते मी मान्य केलं नाही. खिडक्या उघड्या ठेवू म्हटलं.

सूचना गेली, पण सवय जात नाही. पहिलीतला एक कातकरी मुलगा डब्याचं झाकण डाव्या हाताने उभं धरतो आणि त्याच्या आड जेवतो. आत भाकरी आणि लाल चटणी, लपवण्यासारखं काही नाही. मी काही बोलत नाही. शेजारी बसून माझा डबा उघडते, बिरडं त्याच्या भाकरीवर वाढते. आज झाकण थोडं खाली आलं होतं.

११:३०
चित्रकला. हमरापूरचा एक मुलगा, गणितात कायम मागे, मातीच्या गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतो तेव्हा वर्ग श्वास रोखून बघतो. त्या तासाला त्याच्या बाकावर जागा मिळावी म्हणून भांडणं होतात.

१:१५
ऑफिसात संस्थेचे सचिवसाहेब. मुद्दा दरवेळचाच, पैशांचा. आरटीईच्या एका मुलामागे सरकार कमाल १७,६७० रुपये देतं, आमची फी त्याहून जास्त, आणि तो परतावाही रखडतो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये शासनाने नियम बदलला होता: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला आरटीईच्या जागा ठेवायची गरज नाही. त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले गेले. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. पेढे परत कोण करणार?

मी मात्र दुसरंच मागायला गेले होते. सहल, गॅदरिंगचे कपडे, फोटो यांची वर्गणी आरटीईच्या मुलांकडून मागू नये. आणि त्यांना ती माफ आहे, असं वर्गासमोर सांगू नये. साहेबांनी पहिली गोष्ट मान्य केली. दुसरीत काय विशेष, असं त्यांना वाटलं.

३:००
पिशवीतला अर्ज पुरा करायला निघाले. शाळेच्या मागच्या रस्त्याने भट्टी दहा मिनिटांवर. कच्च्या विटा रचून त्यावर पेंढा टाकलेला भोंगा, आत कोंबडी आणि झोपलेलं मूल. आई साच्यातून विटा पाडत होती. ज्याचा अर्ज, तो सहा वर्षांचा मुलगा ओल्या विटांच्या रांगांमधून एकाही विटेला पाय न लावता धावत होता.

“ताई, याची जन्मतारीख?”

“भट्टीवरच झालाय यो. शिमग्याच्या आदुगर.”

अर्जाला शिमगा चालत नाही. पण अंगणवाडीच्या नोंदवहीतली तारीख चालते. सेविकेला फोन केला. तिने वही उघडून तारीख वाचून दाखवली. जातीचा दाखला थोरल्या भावाच्या वेळी काढलेला होता. उत्पन्नाचा दाखला आदिवासींना लागत नाही. सगळं जमलं, आणि मग नकाशा आला.

पोर्टलवर घराच्या जागी लाल फुगा ठेवावा लागतो. शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर पहिलं प्राधान्य, मग तीनपर्यंत, मग उरलेले. भट्टीवर ठेवला तर आमची शाळा आठशे मीटर. पण रेशनकार्ड वाडीचं, आणि पडताळणीत फुगा नि कागद जुळले नाहीत तर प्रवेश रद्द. वाडीवर ठेवला तर साडेपाच किलोमीटर.

“तुम्ही राहता कुठे?” मी उगाच विचारलं.

तिने आधी भोंग्याकडे पाहिलं, मग डोंगराकडे. “हितं. न् तितं.”

रात्री ८:४०
रोहा. वीज गेलेली, मोबाइलच्या उजेडात अर्ज. नकाशात वाडीचं नाव नाही. ओढा आणि वर जाणारी पायवाट यावरून अंदाजाने बोट फिरवलं आणि फुगा वाडीवरच ठेवला. अंतर उमटलं: ५.४.

शेवटचा रकाना पालकांच्या मोबाइलचा. सोडतीचा निरोप त्यावरच येतो. बापाचा फोन मुकादमाकडे गहाण आहे. मी माझा नंबर घातला. पोर्टलने तो नाकारला, दुसऱ्या अर्जासाठी आधीच वापरलेला होता. मग नवऱ्याला हाक मारली आणि त्याचा नंबर मागितला.