विहिरीच्या शिडीवरील चढउतार आणि सुरक्षिततेचा दोर

बीड जिल्ह्यात शेतीस पाणी मुख्यतः विहिरींतून मिळते. उन्हाळ्यात पाणी तळाशी गेले म्हणजे गाळ काढणे, मोटर खाली घेणे किंवा फुटव्हॉल्व्ह साफ करणे यांसाठी विहिरीत वारंवार उतरावे लागते. पुष्कळ विहिरींत त्याकरिता भिंतीत लोखंडी गजांच्या पायऱ्या रोवलेल्या असतात किंवा उभी शिडी पक्की बसविलेली असते. सवयीमुळे तिच्यावरून केवळ हातांच्या भरवशावर चढउतार केली जाते. अपघाताचे मूळ येथेच आहे.

बारा मीटर उंचीवरून सुटलेला मनुष्य सुमारे दीड सेकंदात तळाशी पोचतो. त्या वेळी त्याचा वेग ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास असतो. एवढ्या अवधीत दुसरी पायरी पकडता येत नाही. आणि खाली उन्हाळ्यात पाण्याऐवजी खडक असतो. ओला हात, पायाचा चिखल किंवा क्षणाची भोवळ एवढे कारण पुरते. म्हणून हाताची पकड म्हणजे संरक्षण नव्हे. पकड सुटल्यावर जे मनुष्यास धरून ठेवते, तेच संरक्षण होय.

कित्येक ठिकाणी कमरेस कासरा बांधून त्याचे टोक वरच्या माणसाच्या हाती देतात. हा उपाय फसवा आहे. पडणाऱ्या माणसाचा हिसका नुसत्या हातांनी आवरत नाही; आवरला तरी तो सर्व पोटावर व बरगड्यांवर बसतो. याकरिता खांदे, छाती व मांड्या यांभोवती येणारा सर्वांगी सुरक्षा पट्टा वापरावा. असा पट्टा आय. एस. ३५२१ या भारतीय मानकाप्रमाणे बनविलेला असावा.

विहिरीच्या काठाजवळील भक्कम झाड किंवा काँक्रीटचा खांब यांस सुरक्षिततेचा स्वतंत्र दोर बांधावा. पंपाच्या नळास किंवा कठड्याच्या सुट्या दगडांस तो कधीही बांधू नये. दोर काठावर घासून तुटू नये म्हणून खाली जाड गोणपाट घालावे. दोरावर सरकणारी व हिसका बसताच घट्ट आवळणारी पकड मिळते. ती दोराच्या जाडीस अनुरूप असावी. पहिल्या पायरीवर पाय ठेवण्यापूर्वीच पट्टा तिला जोडावा. दोर सैल राहू देऊ नये.

उतरण्यापूर्वी गज भिंतीत शिरतात तेथील गंज तपासावा. तोंड भिंतीकडे ठेवावे. दोन हात व एक पाय, किंवा दोन पाय व एक हात, सदैव टेकलेले असावेत. अवजारे हातात न घेता वेगळ्या दोराने सोडावीत.

विहिरीत इंजिनाचा धूर किंवा कोंदट हवा असल्यास कोणीही उतरू नये. खाली कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्या मागे दुसऱ्याने उडी घेऊ नये; अशाने एकाचे दोन बळी होतात. पट्टा व दोर असल्यास त्यास वरूनच ओढून काढता येते. त्यासाठी कप्पी व दोन-तीन माणसे काम सुरू होण्यापूर्वीच काठावर सज्ज ठेवावीत. पट्ट्यात लोंबकळत राहणेही घातक असते, म्हणून विलंब करू नये.

एक पट्टा व एक दोर अनेक शेतकऱ्यांना मिळून घेता येतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्याच्या आरंभी त्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. मजुरास विहिरीत उतरविणाऱ्याने मजुरी ठरविण्याआधी दोर कोठे बांधावयाचा हे ठरवावे.