तरवा, लाट आणि हजेरीपट

जून संपत आलेला असतो. शाळा सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि मालवण किनाऱ्यालगतच्या गावांतल्या शाळांच्या हजेरीपटात लाल रेघा दिसू लागतात. नववीतला एखादा मुलगा तीन-चार दिवसांनी उगवतो. हातापायांची कातडी पाण्याने पांढरी पडलेली, नखांत चिखल. "कुठे होतास?" असे विचारले की खाली मान घालून तो म्हणतो, "सर, तरवो लावूचो होतो."

तरवा म्हणजे भाताची रोपे. ती वेळेवर लावली नाहीत तर वर्षाचे भात हातचे जाते, हे आपल्यालाही ठाऊक असते. आपण पुढे काही बोलत नाही आणि फळ्याकडे वळतो. त्या दिवशीचा पाठ बहुधा 'साधी यंत्रे' किंवा 'घनता' हा असतो. चार दिवस त्या मुलाने हेच तर हाताळलेले असते, पण हे त्याला ठाऊक नसते आणि आपणही त्याला सांगत नाही.

या लेखात आपण अशा मुलाच्या, आणि अर्थात मुलीच्याही, रोजच्या कामाकडे आणि खेळाकडे विज्ञानाच्या नजरेने पाहू या. 'खेड्यातल्या मुलांना सगळे येतेच' असे कौतुक करण्याचा हेतू नाही. हाताला 'कसे' ते माहीत असते. 'का' ते माहीत नसेल तर साधन बदलताच तोच हात चुकतो. शाळेचे काम नेमके इथे सुरू होते.

लाटेचा हिशेब

माडांच्या बागेत उन्हाळ्यात सकाळचे पहिले काम शिंपण्याचे. मोठ्या माडाला उन्हाळ्यात रोज सुमारे 40 ते 50 लिटर पाणी लागते. आता बहुतेक ठिकाणी विजेचे पंप आहेत, पण आजोबांच्या पिढीने हे पाणी लाटेने काढले. विहिरीच्या काठी बेचक्याचा खांब, त्यावर आडवा लांब वासा, वाशाच्या मागच्या टोकाला दगड बांधलेले आणि पुढच्या टोकाला लोंबणारी काठी, तिच्या तळाशी बादली. हीच लाट. विज्ञानाच्या भाषेत ही पहिल्या प्रकारची तरफ : टेकू मध्ये, भार एकीकडे आणि वजन दुसरीकडे.

मुलांना विचारा, 'लाटेमुळे काम कमी होते का?' बहुतेक जण 'हो' म्हणतील. आता हिशेब करू. सोयीसाठी टेकूच्या दोन्ही बाजू सारख्या धरू. बादली 2 किलोची, तिच्यात 15 लिटर, म्हणजे 15 किलो पाणी. लाट नसेल तर भरलेली बादली वर ओढताना 17 किलो भार हातावर येतो. आता मागे साडेनऊ किलोचा दगड बांधू. रिकामी बादली खाली नेताना दगड विरोध करतो, म्हणून साडेसात किलोचा जोर लावून ती खाली दाबावी लागते. भरलेली बादली वर येताना दगड मदत करतो, त्यामुळे उरलेल्या फक्त साडेसात किलोचा जोर आपण लावायचा. जाताना साडेसात आणि येताना साडेसात, मिळून पंधरा. म्हणजे पाणी वर आणण्याचे काम काही वाचले नाही, ते दोन खेपांत वाटले गेले. वाचले ते बादलीचे वजन उचलण्याचे श्रम. शिवाय खाली ओढताना आपल्या अंगाचे वजन कामी येते. दगड जास्त बांधला तर वर खेचणे आणखी हलके होते, पण तेवढेच खाली दाबणे जड होते. प्रत्यक्ष लाटेत दगडाची बाजू आखूड असते, म्हणून तिथे दगड जास्त वजनाचे लागतात. हे गणित वर्गात पट्टी, पेन्सिल आणि नाण्यांनीही करून पाहता येईल.

बागेत 20 माड असतील तर रोज सुमारे 900 लिटर पाणी लागते. मिनिटाला एक बादली काढली तर 60 बादल्यांना एक तास. पाणी 4 मीटर खोल असेल तर हे काम सुमारे 35,000 ज्यूल इतके भरते. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप, वाटेतली गळती धरूनही, हेच काम चार-पाच मिनिटांत उरकतो. मुलाचा एक तास वाचला, तो अभ्यासाला किंवा खेळायला मिळाला. हे चांगलेच झाले. पण गोष्ट इथे संपत नाही.

गोडे पाणी तरंगते

मालवणजवळचे देवबाग हे गाव कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर वसले आहे. दोन्ही बाजूंना खारे पाणी, तरी अशा किनारपट्टीवर वाळूत खणलेल्या विहिरींना गोडे पाणी लागते. हे पाणी येते कुठून?

ते पावसाचे असते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वाळूत मुरलेले हे पाणी खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. एक लिटर गोडे पाणी 1000 ग्रॅम भरते, तर एक लिटर समुद्राचे पाणी सुमारे 1025 ग्रॅम. फरक अगदी थोडा, चाळिसात एक एवढाच. पण त्याचा परिणाम मोठा आहे. गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा 1 फूट वर असेल तर खाली सुमारे 40 फुटांपर्यंत गोडे पाणी असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी घायबेन आणि हेर्झबर्ग या दोन युरोपीय अभ्यासकांनी हे स्वतंत्रपणे मांडले.

आता हेच गणित उलट करा. विहिरीतली पातळी सतत उपशाने 1 फूट खाली गेली तर काय होईल? खालची खाऱ्या पाण्याची सीमा हळूहळू 40 फुटांपर्यंत वर सरकू शकते. विहिरीच्या तळाखाली खाऱ्या पाण्याचा जणू उंचवटा तयार होतो. एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी व्हायला बराच काळ लागू शकतो.

लाट ओढणारा माणूस दमत असे. तो थांबे, तेवढ्यात झरे विहीर पुन्हा भरत. पंप दमत नाही. बटण दाबून मुलगा खेळायला गेला आणि तासाभराने आला, तर गरजेच्या बारापट पाणी उपसलेले असते. आजोबांनी 'जास्त उपसू नये' असा नियम कधी सांगितला नाही, कारण त्यांना तो सांगण्याची गरजच पडली नाही. तो नियम त्यांच्या दमण्यातच होता. नातवाला मात्र तो समजून घ्यावा लागेल, आणि त्यासाठी त्याला घनता समजली पाहिजे. परीक्षेत दोन गुणांचा असलेला हा प्रश्न त्याच्या घरच्या पिण्याच्या पाण्याचा आहे.

करून पाहा : काचेच्या ग्लासात अर्ध्यापर्यंत मिठाचे दाट पाणी घ्या आणि त्यात आमसूल चुरून लाल रंग आणा. मे महिन्यात रतांबे फोडून आमसुले वाळवण्याचे काम घराघरांतल्या मुलींच्या वाट्याला येते, तेव्हा ती वर्गात सहज मिळतील. हे पाणी गाळून घ्या. आता चमच्याच्या पाठीवरून हळूहळू साधे पाणी ओता. दोन थर दिसतील. सुई काढलेल्या पिचकारीचे टोक सीमेच्या थोडे वर धरा आणि पाणी आधी सावकाश, मग जोराने ओढा. लाल पाणी केव्हा वर चढते ते मुलांनाच पाहू द्या.

चिखल कशासाठी?

पुन्हा तरव्याकडे वळू. लावणीआधी शेतात पाणी बांधून चिखलणी करतात. पूर्वी ती बैलांच्या जोताने होई, आता बऱ्याच ठिकाणी पॉवर टिलरने होते. चिखल केल्याने माती मऊ होते, रोप सहज खोचता येते, एवढे मुलांना माहीत असते. दुसरे कारण मातीच्या आत आहे. माती पाण्यात घोळली की तिचे बारीक कण सुटे होतात आणि मग बसताना खालची छिद्रे बुजवतात. पाणी झिरपून जाण्याचा वेग कमी होतो. कोकणातल्या जांभ्याच्या, चटकन निथळणाऱ्या जमिनीत पाणी धरून ठेवण्याचा हाच उपाय. तळाला भोके पाडलेले दोन डबे घ्या. एकात शेतातली माती तशीच भरा, दुसऱ्यात चिखल करून भरा. दोन्हींत सारखे पाणी ओतून किती वेळात किती पाणी गळते ते मोजा.

साचलेल्या पाण्यात बरेचसे तण गुदमरते, पण भात गुदमरत नाही. असे का? भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यांतून पानांकडची हवा मुळांपर्यंत पोचते. भाताच्या रोपाचा आडवा काप साध्या भिंगाखाली धरला तरी या पोकळ्या ओळखता येतात.

याच चिखलात आणखी एक गोष्ट असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून लेप्टोस्पायरा नावाचे जिवाणू पाण्यात येतात. पायाला चीर असेल किंवा कातडी भिजून मऊ पडली असेल तर ते शरीरात शिरू शकतात. लेप्टोस्पायरोसिसचा हा ताप सिंधुदुर्गात पावसाळ्यात आढळत आला आहे, आणि उपचाराला उशीर झाला तर तो जिवावर बेततो. वेळीच ओळखला तर साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. चिखलात उतरण्यापूर्वी जखम झाकावी, काम झाल्यावर हातपाय साबणाने धुवावेत, ताप आल्यास अंगावर न काढता आरोग्य केंद्रात जावे आणि 'मी शेतात काम करत होतो' हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. प्रतिबंधक गोळीही त्यांच्याच सल्ल्याने घ्यावी. मुलाला चिखलातले काम घरचे शिकवतील. हे चार वाक्यांचे ज्ञान शाळेने द्यायचे आहे, आणि तेही लावणीच्या आधी.

खेळातले शास्त्र

काम संपले की खेळ. मे महिन्यात काजूच्या बिया रांगेत मांडून लांबून एका बीने नेम धरायचा खेळ चालतो. नेमाची बी प्रत्येक जण पारखून निवडतो. ती जड हवी, कारण सारख्याच वेगाने फेकली तरी जड बीचा संवेग जास्त असतो आणि ती रांगेतल्या बिया दूर उडवते. 'जड कशी ओळखायची?' असे विचारून पाहा. हातात तोलण्यापेक्षा बिया पाण्यात टाकणे चांगले. पोकळ बिया तरंगतात आणि भरीव बुडतात. पेरणीसाठी बी निवडण्याचीही रीत हीच.

विहिरीत किंवा नदीत पोहायला शिकताना दोन सुके, न सोललेले नारळ दोरीने बांधून पोटाखाली घेतात. असा नारळ 1 किलोचा असेल आणि पूर्ण बुडाल्यावर 3 लिटर पाणी बाजूला सारत असेल, तर तो 2 किलो भार तोलून धरतो. दोन नारळ 4 किलो धरतील. पन्नास किलोच्या मुलाला एवढे पुरते कसे? कारण माणसाचे शरीर जवळजवळ पाण्याइतक्याच घनतेचे असते. तोंड पाण्यावर राहण्यापुरताच आधार त्याला हवा असतो. आर्किमिडीजचे तत्त्व शिकवायला याहून चांगले उपकरण बाजारात विकत मिळणार नाही. वर्गात मात्र हा प्रयोग बादलीतच करावा.

पहिल्या पावसाबरोबर मासे ओढ्यांतून वर, थेट शेतांपर्यंत चढतात. या चढणीच्या माशांसाठी रात्री बॅटऱ्या घेऊन मुले बाहेर पडतात. ही मजा मुलांना सोडवत नाही, आणि ते साहजिकही आहे. पण हे मासे वर का येतात, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवायला हवा. ते अंडी घालायला येतात. पकडलेल्या माशांत गाभोळी असलेले किती, एवढे मुलांनी मोजले तरी पुढच्या वर्षी मासे कमी का होतात याचा विचार ती स्वतः करू लागतील. पूर्वी कंदिलाच्या उजेडात, हाताने जेवढे मिळत तेवढेच मासे घरी येत. आता झगझगीत बॅटऱ्या आणि बारीक जाळी आहेत. लाट आणि पंपाचीच ही गोष्ट पुन्हा.

आपण काय करावे?

हाताच्या कामातून शिक्षण हा विचार आपल्याकडे नवा नाही. 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यात पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू करून शाळेतच शेती, यंत्रे आणि बांधकाम यांतून विज्ञान शिकवले. आपल्याला एवढे मोठे काम उभारता आले नाही तरी तरव्याहून परतलेल्या मुलाला 'वही पूर्ण कर' म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारणे अवघड नाही. काय केलेस? आणि ते तसे का करतात? त्याच्या उत्तरावर वर्गाची एक तासिका सहज निघते.

एक सावधगिरी मात्र हवी. कामातून शिक्षण होते म्हणून शाळा बुडाली तरी चालेल, असा याचा अर्थ होत नाही. 2016 च्या दुरुस्तीनंतर बालमजुरीचा कायदा चौदा वर्षांखालच्या मुलांना शाळेची वेळ सोडून आणि सुट्टीतच घरच्या कामाला हातभार लावू देतो, आणि अठरापर्यंत धोक्याची कामे देण्यास मनाई करतो. चार दिवसांची लावणी वेगळी आणि चार महिन्यांची गैरहजेरी वेगळी. लाल रेघा वाढू लागल्या तर घरी जाऊन चौकशी करणे हेही आपलेच काम.

कारण शेवटी नुकसान त्या मुलाचे होते. त्याच्या हातात पंपाचे बटण आले आहे, पण विहिरीखालचे खारे पाणी त्याला दिसत नाही. ते त्याला दिसू लागावे यासाठी एक ग्लास, थोडे मीठ आणि दोन आमसुले पुरतात. पुढच्या वेळी तो "सर, तरवो लावूचो होतो" म्हणाला की त्याला पुढे बोलावून त्याच्या हाती तो ग्लास द्यावा.