ओवीखालचें नांव

गेल्या दिवाळींत माझी पुतणी पुण्याहून भोरास आली होती. माध्यमें, शहरें आणि डिजिटल संस्कृति या विषयावर ती संशोधन करते. विषयाचें नांव ऐकून मीं थोडी थट्टा केली. कारण आमच्या वेळीं संशोधन म्हटलें कीं पोथ्या, पाठभेद आणि भांडारकर संस्थेच्या पायऱ्या एवढेंच डोळ्यांपुढें येई. तिनें थट्टा मनावर घेतली नाहीं. माजघरांत बैठक मारून तिनें संगणक उघडला आणि एका बाईचा आवाज लावला. बाई जात्यावर गात होती. पाठीमागें दगडाची घरघर चालू होती. त्या आवाजाखालीं गाणारीचें नांव, तिचें गांव व तालुका हीं स्पष्ट लिहिलेलीं होतीं.

मग पुतणीनें विचारलें, "काका, आजीच्या ओव्या तुम्हांला येतात ना?"

मला एकही येत नव्हती. अमरकोश येतो, रघुवंशाचे सर्गच्या सर्ग येतात. परंतु ज्या आईच्या मांडीवर डोकें ठेवून पहांटेच्या काळोखांत मी जात्याची घरघर ऐकली, तिची एक ओवी मला पुरी म्हणतां येईना. भोरांत पिठाची गिरणी आल्यावरही भाजणी, मेतकूट आणि सोवळ्याचें पीठ घरच्या जात्यावरच निघे, म्हणजे ऐकण्यास सवड नव्हती असें नाहीं.

पुतणीनें दाखविलेल्या संग्रहाची हकीकत सांगण्यासारखी आहे. गी पॉइटवाँ हे मूळचे फ्रेंच गृहस्थ 1972 सालीं हिंदुस्थानांत आले व 1978 सालीं येथील नागरिक झाले. पुण्याच्या हेमा राईरकर यांच्याबरोबर त्यांनीं सामाजिक संशोधनाची एक संस्था चालविली. वेल्ह्याच्या, म्हणजे आतां ज्यास राजगड तालुका म्हणतात त्याच्या, उत्तरेकडचे डोंगर ओलांडले कीं मुळशी लागते. त्या मुलुखांतल्या गरीब खेडुतांच्या संघटनेंत दोघेंही काम करीत. तेथील स्त्रिया सभेंत बोलावयास संकोचत. पण जात्यावरील ओव्यांत त्यांचें मन मोकळें होई, हें या दोघांनीं हेरलें, आणि गांवच्या बायांनींच एकमेकींच्या ओव्या उतरून घेण्यास आरंभ केला. वाढतां वाढतां हा संग्रह हजारांवर गांवांचा व एक लाखांहून अधिक ओव्यांचा झाला! पुढें 1990 नंतरच्या दशकांत बर्नार बेल हे संगीत व संगणक या दोहोंचे जाणकार येऊन मिळाले. सुमारें 120 तासांचें गायन ध्वनिमुद्रित झालें आणि शब्द व सूर एकाच कोठारांत आले. पॉइटवाँ 2004 सालीं व राईरकर 2010 सालीं निवर्तल्या. तें धन आतां 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या 2014 सालीं पी. साईनाथ यांनीं स्थापिलेल्या आंतरजालावरील संग्रहालयांतून 2017 पासून लोकांपुढें येत आहे. त्या मंडळींनीं जुन्या गायिकांच्या घरीं पुन्हां जाऊन त्यांचीं छायाचित्रें घेतलीं, त्यांस पुन्हां गावयास लाविलें.

ओव्यांचे संग्रह आपल्याकडे पूर्वीं झाले नाहींत असें नव्हे. साने गुरुजींचें 'स्त्रीजीवन' पुष्कळ घरांत होतें. सरोजिनी बाबर यांनीं लोकसाहित्य समितीमार्फत केवढें तरी काम केलें. परंतु छापील ओवीखालीं गाणारीचें नांव बहुधा आढळत नाहीं. ओवी 'लोकांची', म्हणून ती कोणाचीच नव्हे, अशी आपली समजूत. दुसरें असें कीं, कागदावर दोन ओळींची दिसणारी ओवी गळ्यांतून निघतांना लांबते, शब्द मागें फिरून येतात, मध्येंच 'बाई' किंवा 'गं' येऊन ताल सांभाळतात. वेदपाठ्यांनीं पद, क्रम, जटा, घन अशीं बंधनें घालून ध्वनि राखला. 2003 सालीं युनेस्कोनें त्याचा गौरव केला तेव्हां माझी छाती फुगली होती. ओवीचा ध्वनि कोणी राखावा, हा प्रश्न मात्र मला तेव्हां सुचला नाहीं.

सुचण्याचा एक प्रसंग येऊन गेला होता. मी वेल्ह्याकडे नोकरीस असतांना तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यांतून मुली पायीं शाळेस येत. एकीनें 'माझी आजी' या निबंधांत आजीच्या चार ओव्या लिहिल्या. मीं तांबड्या शाईनें 'विषयांतर' असा शेरा मारून दोन गुण कापले. ती वही आज मिळाली तर मी काय देणार नाहीं!

जातें गेलें याबद्दल हळहळण्याचा अधिकार खुंटा कधीं न धरलेल्या आम्हां पुरुषांस नाहीं. आईच्या तळहातांचे घट्टे मला आठवतात; गिरणीनें तिची सुटकाच केली. आणि या संग्रहांत डॉ. आंबेडकरांवरील ओव्या ऐकल्या तेव्हां आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. आमच्या आळींतल्या ओटीवर त्या ऐकूनच घेतल्या नसत्या.

पुतणीनें हट्ट धरला म्हणून सांगलीस माझ्या थोरल्या बहिणीला फोन लाविला. आक्का आतां ऐंशीच्या घरांत आहे. आधीं "मेल्यांनो, आतां कसल्या ओव्या!" म्हणून हंसली, मग एकाएकीं गाऊं लागली. तीन पुऱ्या आठवल्या, चवथी अर्धी. पुतणीनें त्या टिपल्या, आवाज सांठविला, आणि संग्रहाच्या पद्धतीप्रमाणें रकाने भरावयास घेतले. गाणारी आक्का, शिकविणारी आमची आई. तोंच आक्का म्हणाली, "अगं, आईला तरी कोठून येणार? रोजच्या दळणाला बाई यायची, तिच्याकडून आई शिकली."

तिचें नांव काय, असें पुतणीनें विचारलें. आक्का बराच वेळ बोलली नाहीं. त्या बाईला घरांत सर्वजण 'वेल्हेकरीण' म्हणत. मीही म्हणें. वर्षानुवर्षें ती आमच्या मागीलदारीं येत होती, पण नांव आक्काला ठाऊक नव्हतें आणि मलाही नाहीं. पुतणीनें तालुक्याच्या रकान्यांत वेल्हें लिहिलें आहे. नांवाचा रकाना अजून रिकामा आहे. तिच्या गांवाकडे कोणी जुनें माणूस असेल तर विचारावें, म्हणून पुढल्या आठवड्याच्या एस. टी. नें मी वेल्ह्यास जाणार आहें.