‘राइट ऑफ’ म्हणजे माफी नव्हे

मार्चअखेर जवळ आली की वसई-विरारच्या पेढ्यांवर जुन्या उधारीची छाननी सुरू होते. वालीव, गोखिवरे येथील कारखान्यांना पुरविलेल्या मालाचे पैसे वर्षानुवर्षे आले नाहीत, म्हणजे मुनीमजी सुचवितात, ‘ही रक्कम राइट ऑफ करू या.’ इथवर सारे ठीक असते. घोटाळा होतो तो त्याच शब्दांचे पत्र ऋणकोला गेल्यावर.

‘वुई हॅव रिटन ऑफ युवर आउटस्टँडिंग अमाउंट’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. व्यवहारात मात्र ते घातक ठरू शकते. ‘राइट ऑफ’ ही स्वतःच्या वहीपुरती क्रिया आहे: येणे बुडीत मानून ते खात्यातून काढणे. समोरच्याला देण्यातून मोकळे करणे याला इंग्रजीत ‘वेव्ह’ म्हणतात. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे धनको आपले येणे, मोबदला न घेताही, पूर्णतः वा अंशतः सोडू शकतो. मग ऋणकोच्या वकिलाने हेच पत्र माफीचा पुरावा म्हणून पुढे केले, तर नवल कसले?

गुजरातीभाषक जैन घरांत या गैरसमजाला आणखी एक कारण आहे. ‘मांडी वाळवुं’ या क्रियापदात खात्यातून काढणे आणि नाद सोडून देणे, हे दोन्ही अर्थ नांदतात. इंग्रजी पत्र लिहिताना मनात तोच शब्द असतो. मराठी वृत्तपत्रेही बँकांनी निर्लेखित केलेल्या कर्जांना सर्रास ‘माफ’ म्हणतात. वस्तुतः 2017 व 2019 साली महाराष्ट्र शासनाने शेतकऱ्यांना दिली ती कर्जमाफी. बँकेने ताळेबंदातून काढलेले कर्ज कर्जदाराच्या डोक्यावर तसेच राहते व वसुली चालूच असते.

वहीतील नोंद मात्र टाळू नये. आयकर कायद्याखाली बुडीत येण्याची वजावट मिळते, ती रक्कम हिशेबात निर्लेखित केल्यावरच. शिवाय ते येणे पूर्वी उत्पन्नात धरलेले असावे लागते. 1 एप्रिल 1989 पासून येणे खरोखर बुडाल्याचे सिद्ध करावे लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने टी. आर. एफ. लिमिटेडच्या प्रकरणात 2010 साली स्पष्ट केले. पुढे पैसे वसूल झाले तर वजावटीपुरती रक्कम करपात्र होते. म्हणजे निर्लेखनानंतरही वसुली होऊ शकते, हे कायद्यानेच गृहीत धरले आहे.

लिहिताना ‘हॅव’नंतर ‘रोट ऑफ’ नव्हे, ‘रिटन ऑफ’ येते. सर्वनाम मधे बसते: ‘राइट इट ऑफ’, ‘राइट ऑफ इट’ अशुद्ध. आणि आपण देणे असलेली, पण कोणी न मागितलेली रक्कम उत्पन्नात घेतली, तर हिशेबात तिला ‘रिटन बॅक’ म्हणण्याचा प्रघात आहे.

संवत्सरीच्या ‘मिच्छामि दुक्कडं’ची गोष्ट वेगळी. ते क्षमापनापत्र आणि उधारीचे पत्र एका पाकिटात घालू नये, इतकेच.

ऋणकोला लिहायचेच असेल तर निर्लेखनाचा उल्लेख गाळावा, येणे रकमेचा आकडा द्यावा आणि ‘प्लीज कन्फर्म द बॅलन्स’ असे लिहून त्याची सही मागावी. मुदत कायद्याच्या कलम 18 प्रमाणे, दाव्याची तीन वर्षांची मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने लेखी कबुली सहीनिशी दिली, तर त्या सहीच्या दिवसापासून तीन वर्षे पुन्हा नव्याने मोजली जातात.