पूलचं पाणी गढूळ झालं? आधी वाळू नको, गेज बघा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी स्विमिंग पूलचा सँड फिल्टर उघडून दाखवला. तीच पद्धत इथे लिहून देतोय, म्हणजे कामावर गेल्यावर मोबाईल उघडून एकेक पायरी बघता येईल.

आधी एक शंका दूर करू. "सर, भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. इथे स्विमिंग पूलचा धंदा चालतो का?" जरा नजर फिरवा. नागझिऱ्याचं पिटेझरी गेट, कोका अभयारण्य, पवनीकडून उमरेड-पवनी-कऱ्हांडला. जंगलालगत रिसॉर्ट आहेत, हायवेला लॉन आहेत, फार्महाऊस आहेत. बाहेरचा ठेकेदार पूल बांधून निघून जातो. मग मे महिन्यात ऊन ४५ अंशांवर गेलं आणि पाणी हिरवं पडलं, की मालक फोन कोणाला करणार? तो फोन तुम्हाला यायला हवा.

माझी चूक, माझ्याच खिशातून

सुरुवातीच्या काळात एका रिसॉर्टचं काम मिळालं. शनिवारी पाहुणे येणार आणि पाणी गढूळ. मी घाईत पोहोचलो आणि पंप चालू असतानाच मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा दांडा फिरवला. आतून 'कट्' आवाज आला, पण मी लक्ष दिलं नाही. पाणी जरा बरं दिसलं, दांडा 'फिल्टर'वर ठेवला, पंप रात्रभर चालू ठेवायला सांगून घरी आलो.

सकाळी वॉचमनचा फोन, "भाऊ, पानी काहून कमी झालं?" व्हॉल्व्हच्या आतलं स्पायडर गॅस्केट फाटलं होतं. फिल्टरमधून पूलमध्ये परत जायचं पाणी रात्रभर ड्रेनच्या पाईपने बाहेर चाललं होतं. पातळी स्किमरच्या खाली गेली, पंपाने हवा ओढली आणि कोरडा चालून त्याचा सील जळाला. सील, गॅस्केट, पाण्याचे टँकर, सगळं मी भरलं. त्या महिन्यात कमाई शून्य. पण जास्त लागलं ते वेगळंच. त्याच गावात बाया हातपंपावर रांगेत उभ्या होत्या आणि मी हजारो लिटर पाणी गटारात घातलं होतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे: पंप बंद केल्याशिवाय दांड्याला हात नाही.

बॅकवॉश कसा करायचा

फिल्टर स्वच्छ असताना गेजवर किती प्रेशर आहे ते मार्करने टाकीवरच लिहून ठेवा. समजा १२ पीएसआय आहे. काटा त्याच्यावर ८ ते १० पीएसआय चढला, म्हणजे २० ते २२ वर गेला, की बॅकवॉशची वेळ झाली. रोज बॅकवॉश करू नका. वाळूवर थोडा मळ साचला की बारीक कण जास्त चांगले अडकतात.

१. पंप बंद करा. काटा शून्यावर येऊ द्या.
२. ड्रेनचा पाईप मोकळा आहे ना, बघा.
३. दांडा दाबून 'बॅकवॉश'वर आणा, मग पंप चालू करा. काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत चालवा, साधारण २ ते ३ मिनिटं.
४. पंप बंद. दांडा 'रिन्स'वर. पुन्हा पंप चालू, अर्धा ते एक मिनिट. ही पायरी गाळली तर उरलेला मळ थेट पूलमध्ये जातो.
५. पंप बंद. दांडा 'फिल्टर'वर. पंप चालू. नवीन प्रेशर वहीत लिहा.

तासाला १०,००० लिटरच्या पंपावर एका बॅकवॉशला ४०० ते ५०० लिटर पाणी जातं. ते क्लोरीनचं पाणी आहे. तलावात, नाल्यात सोडू नका, तिथे ढिवर बांधवांची मासेमारी चालते. सोकपिट करून घ्या.

लक्षण बघा, मग दोष शोधा

- प्रेशर कमी, धार मंद: दोष फिल्टरच्या आधी आहे. स्किमरची जाळी, पंपाची बास्केट, पाण्याची पातळी बघा. पंपाच्या झाकणात बुडबुडे दिसले तर हवा शिरतेय. ओ-रिंग पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर झाकण उघडण्याआधी व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर मशीन रूमचा हौद होतो.
- बॅकवॉशनंतर लगेच प्रेशर चढतं: वाळूचे गठ्ठे झालेत. जड पाण्याच्या बोअरवर हे होतं.
- पूलमध्ये वाळू येते: टाकीच्या तळाचे लॅटरल फुटलेत, नाहीतर चुकीच्या मापाची वाळू भरलीय. ०.४५ ते ०.५५ मिमीची सिलिका वाळू लागते, नदीची रेती चालत नाही.
- 'फिल्टर'वर असतानाही ड्रेनमधून पाणी: स्पायडर गॅस्केट गेलं. माझ्यासारखं रात्रभर थांबू नका.
- क्लोरीन टाकताच पाणी तपकिरी: बोअरच्या पाण्यात लोह आहे. यात फिल्टरचा दोष नाही.
- पाणी हिरवं, गेज ठीक: शेवाळ आहे. टेस्ट किट काढा. पीएच ७.२ ते ७.८, क्लोरीन १ ते ३ पीपीएम हवं. क्लोरीन आणि अ‍ॅसिड कधीच एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

आता धंद्याची गोष्ट

चांगली वाळू साधारण ५ ते ७ वर्षं टिकते. तरी "वाळू बदलावी लागेल" हे वाक्य सगळ्यात सोपं, कारण त्यात बिल मोठं निघतं. मालक एकदा फसतो, मग तुमचं नाव सगळ्या गेटवर पोहोचतं. गॅस्केट बदलून काम होत असेल तर गॅस्केटचंच बिल करा आणि जुनं गॅस्केट त्याच्या हातात द्या. मला तीन कामं अशीच तोंडी ओळखीतून आली.

वार्षिक करार करताना रेट हवेत ठरवू नका. जाण्यायेण्याचं पेट्रोल, लागणारे तास आणि तुमचा नफा, एवढं करारात. केमिकल आणि स्पेअर वेगळे. पावसाळ्यात सफारी बंद असते, पाहुणे कमी येतात, पण पाणी तर खराब होतंच. त्या महिन्यांच्या फेऱ्या आधीच लिहून घ्या.

प्रत्येक पूलची एक वही मशीन रूममध्येच टांगून ठेवा: तारीख, आधीचं प्रेशर, नंतरचं प्रेशर, पीएच, क्लोरीन. मालकाने विचारलं, "भाऊ, तुम्ही करता काय?" तर तोंडाने सांगायची गरज नाही, वही पुढे करायची.

आजचा गृहपाठ: ओळखीतला एक पूल गाठा, गेज बघा, आकडा लिहा. दांड्याला हात मात्र पंप बंद केल्यावरच.

चला, लागा कामाला!