शब्दही उपचारच

गुडघे दुखू लागले, की 'आता वय झाले' असे म्हणून आपण विषय संपवतो. दवाखान्यात क्ष-किरण चित्र पाहून डॉक्टर म्हणतात, "गुडघे झिजले आहेत." वाक्य तीनच शब्दांचे, पण रुग्ण पुढे कसा जगेल, हे कधीकधी त्या तीन शब्दांवर ठरते. ते कसे, हे या पाठात समजून घेऊ.

आजाराचे स्वरूप

अस्थिसंधिवात, म्हणजेच ऑस्टिओआर्थ्रायटिस, हा सांध्यांचा अतिशय सर्वत्र आढळणारा आजार होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ साली जगातील सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना तो होता. त्यांत सुमारे ६० टक्के स्त्रिया होत्या. हा आजार सर्वाधिक आढळतो तो गुडघ्यात.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या आजारात ते पातळ व खरबरीत होते. परंतु बदल तेवढ्यावर थांबत नाही. कूर्चेखालचे हाड, सांध्याचे अस्तर, भोवतालचे स्नायू असा सगळा सांधाच त्यात गुंतलेला असतो. शरीर झालेली हानी भरून काढण्याचा प्रयत्नही करीत असते. म्हणून गाडीच्या टायरप्रमाणे सांधा झिजतो, ही उपमा अपुरी आहे.

एका वाक्याचा परिणाम

कल्पना करा, घरोघरी पोळ्या करणाऱ्या साठीच्या एक बाई डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, "मावशी, हाडावर हाड घासतंय. जपून राहा." बाईंनी त्याचा अर्थ लावला : चालले तर उरलेला गुडघाही झिजेल. त्यांनी बाजारात जाणे सोडले, जिना टाळला, पुढे कामही सोडले. काही महिन्यांत मांडीचे स्नायू दुबळे झाले आणि वेदना मात्र वाढली. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता. पण 'जपून' म्हणजे 'हलू नका' असे बाईंनी ऐकले.

वस्तुस्थिती उलट आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळते ते सांध्यातील द्रवातून, आणि हालचालीमुळे त्या पोषणाला मदत होते. मांडीचे स्नायू बळकट असले, की गुडघ्याला आधार मिळतो. म्हणूनच योग्य व्यायाम हा या आजारावरील प्रमुख उपचार मानला जातो.

संवाद कसा असावा?

चांगला संवाद ऐकण्यापासून सुरू होतो. 'किती दुखते?' एवढेच न विचारता, 'उकिडवे बसता येते का? जिना उतरताना त्रास होतो का? रात्री झोप लागते का?' असे विचारल्यास आजार रुग्णाच्या जीवनात कोठे आडवा येतो, ते कळते. परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला कळ, ठणका आणि आखडणे यांतील फरक दुसऱ्या भाषेत सांगणे अवघड जाते. अशा वेळी डॉक्टरांना थोडा अधिक धीर धरावा लागतो.

दुसरी गोष्ट क्ष-किरण चित्राची. चित्रातील बदल आणि वेदना यांचा मेळ नेहमीच बसत नाही. चित्रात पुष्कळ बदल असूनही काहींना फारसे दुखत नाही. काहींचे चित्र बरे असूनही त्रास होतो. केवळ चित्र दाखवून 'शस्त्रक्रियाच करावी लागेल' असे म्हणणे त्यामुळे योग्य नव्हे. वेदना, कामातील अडचण व रुग्णाची इच्छा यांचाही विचार व्हावा लागतो.

ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनात एक महत्त्वाची सूचना आहे : व्यायाम सुरू केल्यावर आरंभी दुखणे वाढू शकते, हे रुग्णाला आधीच सांगावे. हे सांगितले नाही, तर पहिल्याच दुखण्याला घाबरून रुग्ण व्यायाम सोडून देतो. वजनाविषयीही तसेच. 'वजन कमी करा' अशा आज्ञेने रुग्ण खजील होतो. 'थोडे वजन उतरले तरी पावलागणिक गुडघ्यावरील भार हलका होईल' असे म्हटल्यास त्याला उमेद वाटते.

शेवटी डॉक्टरांनी विचारावे, "मावशी, घरी गेल्यावर हे मुलाला कसं सांगाल?" ही रुग्णाची परीक्षा नव्हे, आपले सांगणे नीट पोचले की नाही, याची ती पडताळणी असते.

रुग्णाचा वाटा

संवादाला दोन बाजू असतात. दवाखान्यात जाताना आपल्या शंका कागदावर लिहून न्याव्यात. चालू असलेली सर्व औषधे सांगावीत. वेदनाशामक गोळ्या मनाने दीर्घकाळ घेतल्यास पोट व मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. सांधा एकाएकी सुजून लाल व गरम झाला किंवा ताप आला, तर विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे. न समजलेले पुन्हा विचारण्यात संकोच कसला?

त्या बाईंना डॉक्टर असेही म्हणू शकले असते : "मावशी, गुडघा अशक्त झालाय, पण निकामी नाही. रोज थोडं चाला, मी सांगतो ते व्यायाम करा. सुरुवातीला थोडं दुखेल, घाबरू नका." आजार तोच, गुडघाही तोच, पण हे ऐकून बाई उद्या घराबाहेर पडल्या असत्या.

विचार करा व लिहा

१. 'जपून राहा' या शब्दांचा बाईंनी कोणता अर्थ लावला? त्याचे परिणाम लिहा.
२. व्यायामाने आरंभी दुखणे वाढू शकते, हे आधीच सांगणे का आवश्यक आहे?
३. दवाखान्यातील तुमचा एखादा संवाद आठवून आठ-दहा ओळींत लिहा.