रणगाडे पाहायला चाललेय मी!

कुणाला साड्यांचा नाद असतो, कुणाला रांगोळीच्या पुस्तकांचा. आमच्या जाऊबाई अजूनही बाटल्यांवर चित्रं काढतात आणि ती छान असतात. मला नाद आहे रणगाड्यांचा. म्हणजे सैन्याची जुनी वाहनं जिथं मांडून ठेवली असतील तिथं जायचं, सावकाश हिंडून बघायची, फोटो काढायचे आणि घरी आल्यावर वहीत टिपणं करायची. दारव्ह्यासारख्या गावात हे सांगितलं की समोरची बाई आधी हसते, मग माझ्या यजमानांकडे बघते. आमच्या बचत गटातल्या एकीनं सरळच विचारलं, "ताई, तिथं लोखंडाशिवाय काय हाय वं?"

लोखंडच आहे. पण मैत्रिणींनो, जुन्या वाड्याचं दार बघून जसं त्या घरातल्या माणसांचं पुष्कळ काही कळतं, तसंच या लोखंडाचंही आहे.

ही वाट लागली ती भाच्यामुळे. तो सैन्याच्या आर्मर्ड कोअरमध्ये, म्हणजे रणगाड्यांच्या दलात भरती झाला. या दलाचं प्रशिक्षण केंद्र नगरला आहे. (सरकारी कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर, आमच्या तोंडी अजून नगरच येतं.) त्याच्या शपथेच्या परेडला आम्ही सगळे गेलो. कारंजा, मेहकर, जालना करत रात्रभराचा प्रवास. परेड झाली, पेढे वाटून झाले आणि पुरुषमंडळी तिथलं रणगाडा संग्रहालय पाहायला निघाली. बायका डबे, पिशव्या आणि लहान मुलं सांभाळत झाडाखाली बसल्या. कुणी बसा म्हटलं नव्हतं, पण आपण बसतोच. मी यांच्या गळ्यातला जुना डिजिटल कॅमेरा काढून घेतला आणि आत गेले. तास-दीड तासानं मला शोधायला माणूस पाठवावा लागला!

हे कॅव्हलरी टँक म्युझियम फेब्रुवारी १९९४ मध्ये त्या वेळचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते सुरू झालं. झाडांच्या सावलीत, उघड्यावर, देशोदेशीची पन्नासेक चिलखती वाहनं ओळीनं उभी आहेत. ब्रिटिशांची मटिल्डा आणि चर्चिल आहे, जपानी हा-गो आहे, जर्मनांची चिलखती गाडी आहे आणि चेन्नईजवळच्या आवडीच्या कारखान्यात तयार झालेला आपला विजयंताही आहे. एखाद्याला वाटेल, सगळे सारखेच. मलाही पहिली दहा मिनिटं तसंच वाटलं.

मग मी आपल्या पद्धतीनं बघायला लागले. बोटांनी मापून! दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वापरलेला जपानी हा-गो घ्या. त्याचा पत्रा जाडीला जास्तीत जास्त बारा मिलिमीटर, म्हणजे आपल्या करंगळीएवढा. त्याच महायुद्धातल्या शेवटच्या चर्चिलचं पुढचं चिलखत दीडशे मिलिमीटरच्या वर, पाऊण वीत तरी भरेल. फलकावर हे आकडे नुसते आकडे असतात. हात लावला की कळतं, हा-गोमध्ये बसणाऱ्या तीन पोरांना कसल्या पत्र्याच्या आडोशाला बसवलं होतं. ते शत्रूचे होते हे खरं, पण आयांनाच झालेले होते ना.

तिथं रोल्स रॉइसची एक जुनी चिलखती मोटारही आहे. रोल्स रॉइस म्हटलं की आपल्याला राजेरजवाडे आठवतात. मला आठवलं ते जालियनवाला बाग. १३ एप्रिल १९१९ ला जनरल डायरनं दोन चिलखती मोटारी सोबत आणल्या होत्या. बागेत जाणारा बोळ अरुंद, म्हणून त्या बाहेरच ठेवाव्या लागल्या. शेकडो माणसं मेली ती नुसत्या बंदुकांनी. बोळ थोडा रुंद असता तर काय झालं असतं, हा विचार त्या देखण्या गाडीसमोर उभं राहून करून पाहा. मी तिचा फोटो काढला खरा, पण 'सुंदर' असं वहीत लिहवलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी उभी राहिले ती सेंच्युरियनसमोर. पन्नास टनांच्या आसपास वजन, आत चार माणसं: कमांडर, तोफ चालवणारा, गोळे भरणारा आणि चालक. यातला एकेक गोळा पाण्यानं भरलेल्या हंड्याएवढा जड. हलत्या, तापलेल्या, धुरानं भरलेल्या खोलीत तो उचलून भरत राहायचा. आपल्याला हंड्याचं वजन कुणी समजावून सांगायला नको.

अशाच एका सेंच्युरियनमध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल होते. जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. रेजिमेंट पूना हॉर्स, जी १८१७ मध्ये उभी राहिली. जून १९७१ मध्ये ते अधिकारी झाले आणि याच नगरला तरुण अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम करत होते. युद्धाचे ढग जमले तसा अभ्यासक्रम अर्धा टाकून सगळ्यांना परत बोलावलं. वाटेत दिल्लीला घरी डोकावले तेव्हा त्यांनी गोल्फच्या काठ्याही सोबत घेतल्या, लाहोरला खेळायला म्हणून! एकविसाव्या वर्षी माणूस असाच असतो. १६ डिसेंबरला शकरगड भागात, बसंतरच्या लढाईत त्यांच्या रणगाड्याला आग लागली. रणगाडा सोडण्याचा हुकूम रेडिओवरून आला. तोफ अजून चालते आहे, मी सोडणार नाही, असं त्यांनी कळवलं आणि ते लढत राहिले. दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला युद्ध थांबलं. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्यांचा रणगाडा दुरुस्त करून नगरच्याच केंद्रात जपून ठेवला आहे. त्याचं नाव फामागुस्ता, सायप्रस बेटावरच्या एका बंदराचं.

पुढची गोष्ट मला जास्त छळते. २००१ मध्ये अरुणचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. वय ऐंशीच्या पुढे. लाहोरला एका निवृत्त पाकिस्तानी ब्रिगेडियरांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं, आदरानं सगळं केलं आणि निघायच्या आधी सांगितलं, की त्या दिवशी तुमच्या मुलासमोर मीच होतो, तो माझ्याच हातून गेला. तीन दिवस ज्याच्या घरचं जेवलो त्यानं हे सांगितल्यावर बापानं काय करावं? आणि अरुणच्या आईला हे कळलं तेव्हा तिनं काय केलं असेल? हा प्रश्न कुठल्या फलकावर नसतो.

१९६५ चं युद्ध मात्र आपल्यासारख्या शेतकऱ्यांच्या बायकांना चटकन समजेल. पाकिस्तानकडे अमेरिकेचे पॅटन रणगाडे होते, त्या काळचे अव्वल. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर गावाच्या परिसरात आपल्या सैन्यानं कालवे फोडून रानं भिजवली आणि उसात आपले रणगाडे दडवले. रणगाड्याचं वजन लांबरुंद पट्ट्यांवर पसरलेलं असतं, म्हणून तो एरवी चिखलातूनही जातो. पण ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर घातला की काय होतं ते आपण दर पावसाळ्यात बघतो. पॅटन तसेच रुतले. ८ ते १० सप्टेंबर अशी तीन दिवस ती लढाई चालली. इतके पॅटन हाती लागले, की तिथं जवळच जमवून ठेवलेल्या गाड्यांचं जणू गावच वसलं आणि त्याला लोक पॅटननगर म्हणू लागले. पुढे ते ठिकठिकाणच्या छावण्यांत विजयचिन्हं म्हणून पाठवले गेले. कुठल्या चौकात किंवा छावणीच्या दारात पॅटन दिसला तर थांबून बघा.

याच लढाईत उत्तर प्रदेशातल्या गाझीपूरकडच्या शिंप्याच्या घरातले अब्दुल हमीद होते. त्यांच्याकडे रणगाडा नव्हता. उघडी जीप आणि तिच्यावर बसवलेली तोफ, एवढंच. या तोफेचा बार उडाला की मागून धूळ उठते आणि शत्रूला जागा कळते, म्हणून गोळा टाकायचा आणि लगेच जागा बदलायची. असं करत त्यांनी एकामागून एक पॅटन फोडले आणि १० सप्टेंबरला ते गेले. त्यांनाही परमवीरचक्र. त्यांच्या पत्नी रसूलन बीबी २०१९ मध्ये वारल्या. मधली जवळजवळ चोपन्न वर्षं मोजून बघा. संग्रहालयात जीप दिसली की लोक पुढे जातात, कारण शेजारी मोठा रणगाडा असतो. मी जीपचे जास्त फोटो काढते.

आता आमच्या गटातली एक गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. तिनं एकटीनं मुलाला वाढवलं, तो सैन्यात गेला. "पोरगा गाडी चालवते," एवढंच तिला माहीत. तिच्या डोळ्यासमोर ट्रक. एकदा बैठकीनंतर मी फोटो दाखवत होते, तेव्हा तिच्या लक्षात आलं की मुलगा बोलताना 'टँक' म्हणतो ते हेच. मी चालकाच्या जागेचा जवळून काढलेला फोटो तिच्यापुढं धरला. आमच्या घरच्या कणगीचं तोंड याहून मोठं असेल, एवढंच ते झाकण. झाकण लावलं की बाहेरचं जग दिसतं ते एका काचेच्या पट्टीतून.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अन् याच्यात आग लागली तं?"

खोटं बोलावंसं वाटलं नाही. मी सांगितलं, की झटपट बाहेर पडायचा सराव त्यांना पुन्हा पुन्हा करून घेतात, काही रणगाड्यांना चालकाच्या आसनाजवळ तळातही एक दार असतं. तिनं मान हलवली. त्या रात्री तिनं मुलाला फोन केला. एरवी त्यांचं बोलणं म्हणजे जेवला का, थंडी आहे का, पैसे आले. त्या रात्री तिनं विचारलं, तुझ्या गाडीला खालून दार हाय का? उन्हाळ्यात आत किती तापते? तुझ्याजवळ कोन बसते? मुलगा आधी गप्पच झाला म्हणे, मग अर्धा तास बोलला. कुठं आहे हे त्यानं सांगितलं नाही, ते सांगायचं नसतंच. पण तापलेल्या लोखंडाला हात लागून भाजतो, हे त्यानं चार वर्षांत पहिल्यांदा आईला सांगितलं. तो फोटो आता तिच्या घरी देवाच्या फोटोंच्या ओळीत लावलेला आहे. मला ते जरा अवघडच वाटतं, पण तिचं घर, तिची भिंत.

फोटो काढायचे असतील तर थोडं अनुभवाचं सांगते. आधी दारावर विचारा. ही ठिकाणं सैन्याच्या हद्दीत असतात; कुठं काढायचे आणि कुठं नाही, हे तिथले जवान सांगतील. ते सांगतील तेच. नगरला मी कॅमेऱ्याचं तिकीट वेगळं काढलं होतं. दुपारी बारा ते तीन लोखंड चकाकतं, फोटोत नुसता पांढरा डाग येतो. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. उभ्यानं काढलेला रणगाडा खेळण्यासारखा दिसतो. खाली बसून काढा, मग त्याची छाती दिसते. साडीत बसता येत नाही म्हणाल तर मी बसते, धूळ झटकते. प्रत्येक गाडीच्या आधी तिच्या फलकाचा फोटो घ्या, नाहीतर घरी आल्यावर कोणता कोण कळत नाही. आणि शेजारी एखादं माणूस उभं करा, त्यामुळे आकार समजतो. वर चढून पोझ देणाऱ्या पोरांना मात्र मी खाली उतरवते. कुणाच्या तरी मरणाची जागा आहे ती, झोका नव्हे.

आमचे हे विचारतात, एवढ्या फोटोंचं करणार काय? मी त्यांना शकुंतलेची आठवण देते. आमच्या दारव्ह्यावरून जाणाऱ्या या छोट्या गाडीला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. सासऱ्यांनी ते रोज पाहिलं, त्याच्या शिट्टीवर घड्याळ लावलं. आता गाडीच बंद आहे आणि आमच्या घरात त्या इंजिनाचा एकही फोटो नाही. रोज दिसतं त्याचा फोटो कोण काढतो?

येत्या डिसेंबरात आम्ही अकराजणी नगरला जायचं ठरवतोय. गाडीवाल्याशी बोलणं चालू आहे, तो डिझेलवरून अडून बसलाय. ती चालकाची आई येणार आहे. खिडकीजवळची जागा तिनं आताच सांगून ठेवलीय. दोघींनी घरी शिर्डीला जातोय म्हणून सांगितलंय. जिल्हा तोच आहे, परतताना दर्शन करून येऊ. पण आधी रणगाडे.